समुद्रकाठची संध्याकाळ, सोबतीला एक जण : बडोदेकरांनो, तुमचे अनुभव सांगा

बडोद्याला समुद्र नाही. विश्वामित्री नदी आहे, सूरसागर तलाव आहे, आणि दिवेलागणीला सूरसागरच्या कठड्याशी वारा खात उभे राहणारे आपण आहोत. म्हणून असेल, आपल्यातलं कोणी समुद्राच्या गावी जाऊन आलं की आधी पाण्याबद्दलच बोलतं. परवा जुने शेजारी भेटले, गप्पा तिकडेच वळल्या, आणि लक्षात आलं की सगळ्यांना आठवतात त्या संध्याकाळीच. देवळं, किल्ले सकाळी पाहून झालेले, दुपारी खोलीवर पाठ टेकलेली, आणि मग पाच ते नऊ कोणा एकाबरोबर नुसतं भटकणं. तेवढंच इथे लिहा. कुठे, कोणाबरोबर, आणि त्या चार तासांत काय झालं. प्रेक्षणीय स्थळांची यादी नको. सुरुवात मीच करते.

द्वारका, आत्याबरोबर (दांडिया बाजार)

आत्या त्र्याहत्तर वर्षांची. दर्शन सकाळीच झालं होतं. संध्याकाळी म्हणाली, "आता मला कुठल्याही रांगेत उभी करू नकोस." म्हणून गोमती घाटावरून संगमाच्या दिशेने रमतगमत निघालो. भरती लागलेली. समुद्र नदीत शिरत होता आणि गोमतीचं पाणी चक्क मागे चाललं होतं. सगळा जन्म विश्वामित्रीच्या काठी गेलेल्या माझ्या आत्याला ते खरंच वाटेना. पायरीवर वाकून तिने ओंजळभर पाणी घेतलं, जिभेला लावलं. "खारट आहे गं!"

मी तिला सांगितलं की द्वारका आणि सगळं ओखामंडळ पूर्वी बडोदे संस्थानात होतं, ओख्याचं बंदरही सयाजीराव महाराजांच्या काळातलं. ती थबकलीच. "म्हणजे आपल्याला समुद्र होता की!" त्यानंतर सूर्य बुडेपर्यंत ती त्या समुद्राकडे माहेरच्या घराकडे बघावं तशी बघत होती. भडकेश्वर महादेवाचं देऊळ समुद्रातल्या खडकावर आहे. तिथे खालच्या पायरीवर चपला काढून बसली, लाटांचं पाणी पायांवर घेत. घरी तिला गार पाण्यात पाय घालू देत नाहीत. मीही त्या दिवशी काही बोलले नाही.

पुदुच्चेरी, सौ.बरोबर (रावपुरा)

ताई, धागा फार छान काढलात. मी थोडं लांबण लावणार आहे.

निवृत्तीनंतरचा आमचा पहिला मोठा प्रवास. पहिल्याच संध्याकाळी मी हट्टाने साडेपाचला हिला समुद्रावर नेलं, सूर्यास्त चुकायला नको म्हणून. आपण पश्चिमेची माणसं. दीव, दमण, मुंबई, कुठेही जा, सूर्य पाण्यातच बुडायचा. इथे तो आमच्या पाठीमागे, गावातल्या घरांच्या आड उतरत होता आणि समोर समुद्र नुसता करडा होत चालला होता. पूर्वकिनारा आहे हे शाळेत शिकलो होतो, पण शिकलेलं डोळ्यांपर्यंत पोचलं नव्हतं. मी हिरमुसलो. ही म्हणाली, "बसू या की. आलोय ना."

तिथला किनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी वाहनांना बंद करतात. हे सुख काय असतं ते बडोद्याच्या मांडवीतून पायी जाणाऱ्यालाच विचारावं. हॉर्न नाही, पाठीमागून कोणी येतंय म्हणून बाजूला व्हायची धडपड नाही. गांधीजींच्या पुतळ्यापासून कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, हिचा गुडघा म्हणेल त्या चालीने. ठिकठिकाणी माणसं समुद्राकडच्या काळ्या दगडांवर बसलेली.

पौर्णिमा आदल्या दिवशी झाली होती, त्यामुळे आधी पुरता अंधार पडला. आणि मग पाण्याच्या रेषेवर काहीतरी लाल दिसू लागलं. मला वाटलं, बोटीला आग लागली. चंद्र होता. समुद्रातून वर येणारा चंद्र मी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला, आणि मघाशी परत जाऊ या म्हणणारा मीच होतो. पुढच्या तिन्ही संध्याकाळी आम्ही तिथेच होतो.

आणखी एक. श्रीअरविंद 1893 ते 1906 बडोद्यात होते, मराठीही शिकले होते, आणि 1910 साली पुदुच्चेरीला गेले ते कायमचे. दांडिया बाजारातल्या त्यांच्या निवासावरून मी नोकरीची सगळी वर्षं सायकलने गेलो, आत मात्र कधी पाऊल टाकलं नाही. त्यांच्या आश्रमात समाधीजवळ आम्ही दोघं न बोलता बसलो. परत आल्यावर पहिल्याच रविवारी हिला घेऊन दांडिया बाजारात गेलो.

कच्छचं मांडवी, मित्राबरोबर (मांडवी)

काका, आमचं उलटं. बडोद्याच्या मांडवीतले दोघं कच्छच्या मांडवीत! समुद्रावर गर्दी होती म्हणून रुक्मावती नदीच्या काठाला वळलो आणि तिथेच थांबलो. तिथे लाकडी जहाजं बांधतात, आपल्या पोळातल्या, म्हणजे जुन्या गल्लीतल्या, तीन मजली घराएवढी. कारागीर फळ्यांच्या फटींत कापूस ठासत होते. ठक ठक, एका लयीत. मित्र मेकॅनिकल इंजिनिअर. एरवी त्याला गप्प बसवणं कठीण, पण तासभर तो शब्द बोलला नाही. शेवटी एका मिस्त्रींना त्याने विचारलं, हे एक किती दिवसांचं काम? ते म्हणाले, दिवस नाही भाई, वर्षं विचारा. अंधारात परत येताना दाबेली खाल्ली. दाबेली मूळची तिथलीच, आणि चव खरोखर वेगळी आहे.

फोर्ट कोची, मुलाबरोबर (अकोटा)

मुलगा बारा वर्षांचा. एर्नाकुलमहून बोटीने गेलो आणि चिनी जाळ्यांपाशी थांबलो. एका टोकाला भलंमोठं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड, त्या भारावर चार-पाच माणसं जाळं वर ओढतात. मुलाने सहा वेळा वर आलेलं जाळं मोजलं आणि दर वेळी मासे किती तेही. दुसऱ्या दिवशी मट्टनचेरीत गुजराती रोड लागला. दुकानातले आजोबा गुजरातीत बोलायला लागले तेव्हा मुलगा माझा हात घट्ट धरून म्हणाला, "आई, आपण घरी आलो?"

मुंबई, दादाबरोबर (मांजलपूर)

हा प्रवास हौसेचा नव्हता. बाबांचं मोठं ऑपरेशन होतं. रात्री खोलीत एकालाच थांबू देत आणि आई जागची हलायला तयार नसायची. सातला आम्हाला बाहेर काढत. दादा आणि मी गिरगाव चौपाटीवरून मरीन ड्राइव्हने नरिमन पॉइंटपर्यंत चालत जायचो, रोज. अकरा संध्याकाळी. पावसाळ्याचे दिवस होते, भरतीला लाटा कठड्यावरून रस्त्यावर यायच्या. पहिले तीन दिवस फक्त बिलं आणि रिपोर्ट. चौथ्या दिवशी दादा म्हणाला, "तुला आठवतं, बाबांनी कमाटीबागेत सायकल शिकवताना मागून हात सोडला होता?" मला आठवत होतं, पण हात सोडला तेव्हा दादा पुढे धावत होता हे मला माहीत नव्हतं. लग्नानंतर इतकं सलग आम्ही बोललोच नव्हतो. कोणी भेटलं की घरची माणसं मध्ये असतात, जेवणाची ताटं असतात. तिथे फक्त चालायचं होतं. बाबा आता बरे आहेत. दादा आणि मी मंगळवारी संध्याकाळी कमाटीबागेत चालायला भेटतो.

कावी-कंबोई, सासऱ्यांबरोबर (वाडी)

हा लांबचा प्रवास नव्हे, तेव्हा धाग्यात बसत नसेल तर काढून टाका ताई. पण ज्यांना लांब जाणं जमत नाही त्यांच्यासाठी लिहिते. जंबुसरच्या बाजूला खंभातच्या आखातावर स्तंभेश्वर महादेव आहे. भरतीला पिंडी पूर्ण पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा उघडी पडते. वेळ तिथीप्रमाणे बदलते, म्हणून आधी विचारून निघावं. पाणी जवळ आलं की सगळ्यांना वर काठावर यायला सांगतात. तेव्हा खरंच लगेच वर यावं, आखातातलं पाणी फार झपाट्याने चढतं.

सासऱ्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे गाडीत बोलणं नव्हतंच. काठावर मी त्यांच्यासाठी घडीची खुर्ची मांडली. पाणी चढलं तसं पिंडीवरचं बेलपान आधी तरंगलं. मामंजी तेवढ्याकडेच बघत राहिले, मग मला बोटाने दाखवलं. ते दिसेनासं झाल्यावर आम्ही उठलो, जंबुसरला चहा घेतला आणि नऊला घरी पोचलो.