ल आणि श ला वेगळे कोड कशाला?

खिळेजुळारी: "युनिकोडने दांड्याचा हिंदी ल आपल्या गळ्यात मारला, मराठीला वेगळे कोड हवेत." ही पोस्ट आज तिसऱ्यांदा आली, म्हणून लिहितोच. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक, म्हणजे कोड, देणारी पद्धत. तिच्याकडे ल म्हणजे ०९३२ हा फक्त एक क्रमांक आहे. त्याला पाकळी काढायची की दांडा, हे फॉन्ट ठरवतो. फॉन्टात मराठी रूपं असली आणि मजकुराची भाषा मराठी नोंदवली, की पाकळीचा ल आणि देठाचा श आपोआप येतात. वेगळे कोड घ्या, मग 'कमल' शोधलंत की निम्मी कमळं गायब.

हट्टी देठ: 'आपोआप' म्हणे! फोनची भाषा मराठी, कीबोर्ड मराठी, तरी श हिंदीच. भाषा नोंदवायची कुठे, कपाळावर? ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने रूपं ठरवून दिली, ती काय फळ्यापुरती?

खिळेजुळारी: मग फॉन्टवाल्यांशी भांडा. युनिकोडला शिव्या देणं सोपं असतं.

अर्धा र: ल-श निदान वाचता तरी येतात हो! दऱ्याखोऱ्यांवरचा माझा लेख एका संकेतस्थळाला दिला. मी 'दऱ्या' र, हलन्त आणि न दिसणारा जोडक (र चं अर्धं रूप टिकवणारं चिन्ह) घालून टंकतो. त्यांच्या यंत्राने तो जोडक कचरा समजून झाडून टाकला. छापून आलं, 'सह्याद्रीतल्या खोल दर्या'. सह्याद्रीत समुद्र! खाली प्रतिक्रिया, 'लेखकाला शुद्धलेखन शिकवा'.

खिळेजुळारी: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ वापरायचा ना, जोडक लागतच नाही.

अर्धा र: वा, म्हणजे चूक माझीच. दहा वर्षांचं लेखन बसून बदलू?

चंद्रबिंदी: ॲ चं तरी वेगळं काय? तो २००८ साली युनिकोडमध्ये आला. त्याआधीची सवय असलेले अजून अ वर चंद्र देतात. दिसायला तोच, आत दोन कोड. चारशे पानांच्या फाइलमध्ये 'ॲप' शोधलं, तर निम्मी सापडलीच नाहीत. रात्रभर बदलत बसले.

खिळेजुळारी: आभारी आहे. वेगळे कोड का नकोत, ते तुम्हीच दाखवलंत.

हट्टी देठ: मान्य, मान्य, कोड नकोत. नाचा आता. पण तुमच्या पहिल्या उत्तरातलं 'शोधलंत' मला अजून हिंदी श नेच दिसतंय, तेवढं बघा.