सोसायटी ग्रुप: भाच्यासाठी कॉट बघतोय

शनिवार

बी-९ (सकाळी ८:१२): नमस्कार मंडळी. भाच्याला फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॉलेजात बीएस्सीला ॲडमिशन मिळाली. उदगीरहून येतोय. हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही. कॉट बेसिसवर किंवा शेअरिंगमध्ये कुठे जागा असेल तर सांगा. मुलगा निर्व्यसनी, शाकाहारी, शांत आहे.

ए-१० (८:२०): दादा, हे स्थळाच्या जाहिरातीसारखं वाटतंय. उंची आणि पगार राहिला.

बी-९ (८:२१): विचारतात हो सगळे तेच. काल सदाशिव पेठेत आठ ठिकाणी जिने चढलो. एका खोलीत पाच कॉट, एक खिडकी, आणि तिच्यासमोर कपाट उभं केलेलं. साडेचार हजार कॉटला, लाइट बिल वेगळं. एमपीएससीवाल्या मुलांनी नवी पेठ ते शास्त्री रोड सगळं भरलेलं आहे. अभ्यासिकेजवळची कॉट रिकामी व्हायच्या आधीच बुक असते.

सी-३ (८:३४): स्वतःच्या घरी का नाही ठेवत?

बी-९ (८:४१): हॉलमध्ये बाबांची कॉट आहे. रात्री दोनदा उठवून त्यांना फिरवावं लागतं. आत आम्ही चौघं. मुलगा अभ्यास कुठे करणार, जिन्यात?

सी-३ (८:४२): बरं. सहज विचारलं.

ए-१० (८:५०): दादा, ऑनलाइन जाहिरात बघून टोकन मात्र पाठवू नका. मी इथे यायच्या आधी फसले आहे. कर्वेनगरला फ्लॅट, फोटो झकास, भाडं कमी. मालक म्हणाला मी लष्करात, पोस्टिंग बाहेर, चावी दाखवायला माणूस येईल, पण गेटपाससाठी पाच हजार आधी टाका. मी टाकले. मग म्हणाला सिस्टीमला एन्ट्री झाली नाही, पुन्हा टाका, दोन्ही परत येतील. तेव्हा ट्यूब पेटली. इमारत खरी होती, वॉचमनकाकांनी सांगितलं त्या आठवड्यात माझ्यासारखे चौघं येऊन गेले.

ए-७ काकू (९:०५): कुलूप स्वतःच्या हाताने उघडून बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. आणि नळ सोडून बघायचा. सकाळी सातला बघायचा, दुपारी नाही.

सी-११ (९:३०): दादा, बहिणीचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल तर योजना आहेत. अनुसूचित जातींसाठी स्वाधार, ओबीसी वगैरेंसाठी आधार. पुण्यात राहणाऱ्याला वर्षाला ६० हजार मिळतात.

बी-९ (९:३३): दाजी शिक्षक आहेत. बसत नाही त्यात.

ए-७ काकू (९:४८): विद्यार्थी सहाय्यक समितीत विचारलंत का? खेड्यापाड्यातून येणाऱ्या मुलांसाठीच अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये काढलेली. गरजू मुलांना आधी घेतात, पण विचारायला काय जातं. आमच्या सासऱ्यांच्या वेळी तर हेही नव्हतं. ते वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गुरुवारचं घर टिळक रोडला होतं आणि तिथे ताकाची कढी असायची, एवढं ते मरेपर्यंत सांगत. अनाथ विद्यार्थी गृहातली मुलं तर झोळी घेऊन माधुकरी मागायची, आणि ते गृह १९०९ चं. या गावात बाहेरचा मुलगा काही नवा नाही.

बी-४ (मुंबई) (१०:१५): सर्वांना नमस्कार. माझा फ्लॅट मार्चपासून बंद आहे. वन बीएचके. कुटुंबच मिळेना, लिफ्ट नाही म्हणून. सोसायटीची हरकत नसेल तर मी मुलांना द्यायला तयार आहे. तिघं असतील तर १८ हजार.

सेक्रेटरी (१०:२०): बी-४, २०१९ च्या सर्वसाधारण सभेत बॅचलर लोकांना फ्लॅट द्यायचा नाही असा ठराव झालेला आहे. कृपया नोंद घ्यावी.

सी-३ (१०:२१): अनुमोदन. तो ठराव मीच मांडला होता.

ए-१० (१०:२२): मी पण बॅचलर आहे.

सेक्रेटरी (१०:२४): तुम्ही पीएचडी करताय. ते वेगळं.

सी-३ (१०:५२): मी का मांडला तेही सांगतो, नव्या लोकांना माहीत नसेल. तेव्हा बी-४ मध्येच चार मुलं होती. चौघांच्या मिळून पाच गाड्या. पाच! एक कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. सगळ्या माझ्या गाडीच्या मागे, हँडल लॉक. पावसाळ्यात रात्री पावणेदोनला हिच्या छातीत दुखायला लागलं. मी खाली येऊन एकेक गाडी उचलून बाजूला सरकवतोय आणि ही पायरीवर बसलेली, गाऊनवर शाल. वर बेल वाजवली तर एक जण डोळे चोळत आला आणि म्हणाला, काका, ती माझी नाही. शेवटी ए-७ काकूंनी रिक्षा थांबवली. गॅसेस निघाले म्हणून ठीक. पण ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही.

ए-७ काकू (१०:५८): मी पण नाही विसरले. रिक्षावाल्याने पैसे घेतले नव्हते.

बी-९ (११:०३): काका, हे मला खरंच माहीत नव्हतं.

सी-११ (११:२०): काका, तुमचा राग बरोबर आहे पण तो पार्किंगचा आहे. बॅचलरचा नाही. त्या पाच गाड्या एखाद्या कुटुंबाच्या असत्या तर आपण कुटुंबांवर बंदी घातली असती का?

सी-३ (११:२२): कुटुंबाची गाडी कोणाची ते तरी कळतं.

सी-११ (११:३५): ते मान्य. पण ठरावाबद्दल सांगते, सेक्रेटरीसाहेब राग मानू नका. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, अविवाहितांना घर देऊ नये असं कुठेही नाही. मालकाने सोसायटीला आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, परवानगीची अट नाही. आता बी-४ साठी: लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचाच. ११ महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही असं अजूनही लोक म्हणतात, महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि भांडण झालं तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते खरं धरतात, उलट सिद्ध करायचं तुम्ही.

बी-४ (मुंबई) (११:४०): बापरे. मागच्या वेळी शंभरच्या स्टॅम्पपेपरवर केला होता.

सी-११ (११:५५): म्हणूनच कोणाची गाडी किती, ते लिहिलेलं नव्हतं! खर्च फार नाही. स्टॅम्प ड्युटी ०.२५ टक्के. तुमचं ११ महिन्यांचं भाडं १ लाख ९८ हजार, डिपॉझिट ५० हजार असेल तर त्याचं दहा टक्क्यांनी व्याज धरायचं. सगळं मिळून पाचशेच्या आसपास येतं. नोंदणी फी हजार. वर एजंटचे काय असतील ते. थंब, म्हणजे अंगठ्याचा ठसा, घ्यायला माणूस लॅपटॉप घेऊन घरी येतो. आणि पुणे पोलिसांच्या साइटवर भाडेकरूंची माहिती भरायची. दादा, भाचा १८ पूर्ण आहे का?

बी-९ (११:५७): सतरा वर्षं दहा महिने.

सी-११ (११:५८): मग करारात वडिलांचं नाव. थंब द्यायला त्यांनाच यावं लागेल.

बी-४ (मुंबई) (दुपारी १२:१०): आणखी एक. मी स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी माझ्याकडून नॉन ऑक्युपन्सीचे महिना पाचशे घेते. फ्लॅट भाड्याने दिला तर तेवढेच ना?

सी-११ (१२:१४): पाचशे???

सी-११ (१२:१८): १ ऑगस्ट २००१ चा शासनाचा आदेश आहे. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. आपलं सेवाशुल्क १४०० आहे. म्हणजे १४०. शिवाय हे फ्लॅट भाड्याने दिला असेल तरच. मार्चपासून तर कुलूप आहे.

खजिनदार (१२:४०): हा मेसेज डिलीट केला आहे.

खजिनदार (१:२५): जुन्या कमिटीपासून चालत आलेलं आहे. फाइल बघून सांगतो.

ए-१० (१:२६): चहा घ्या काका आधी.

रविवार

सी-३ (सकाळी ९:१०): रात्रभर विचार केला. माझ्या अटी: एक. तिघांत मिळून दोन दुचाक्या, नंबर करारात. दोन. गाडीची एक किल्ली खाली माझ्याकडे. तीन. बूट जिन्यात नाहीत. बाकी गाणी लावा, नाचा, मला ऐकू कमी येतं.

बी-९ (९:१४): काका, भाच्याकडे गाडीच नाही! नळ स्टॉपवरून मेट्रोने डेक्कन, पुढे चालत. पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्याला भाड्यात ३० टक्के सूट आहे.

सी-३ (९:१५): पहिल्या दिवाळीपर्यंत नसते. मग वडील घेऊन देतात.

सेक्रेटरी (९:४०): ठराव पुढच्या सभेत पुन्हा घेऊ. तोपर्यंत बी-४ ने लेखी कळवावे. बाकी दोन मुलं कोण?

बी-९ (९:४६): एक भाच्याच्या वर्गातलाच, एक अहमदपूरचा. तिघांचे वडील एकमेकांना ओळखतात.

ए-७ काकू (१०:०२): मेसबद्दल भाच्याला सांगा. महिन्याचे पैसे लगेच भरायचे नाहीत. आठ दिवस वेगवेगळ्या ठिकाणी गेस्ट ताट घ्यायचं. पोळ्या मोजून देतात का ते बघायचं. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, पहिल्या रविवारी सगळी मुलं उपाशी फिरतात. त्या दिवशी वर या म्हणावं, खिचडी टाकते. आणि आमटीत गूळ लागला तर नाक मुरडायचं नाही.

बी-९ (१०:०५): काकू, ताईने ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याच्या चटणीचा पाच किलोचा डबा बांधलाय. भाकरी कोण थापणार विचारलं तर म्हणाली, शिकेल.

ए-७ काकू (१०:०६): पीठ माझ्याकडे द्या.

पुढचा शनिवार

बी-९ (सायं. ७:२०): मुलं आली. तीन गाद्या, तीन बादल्या, एक शेगडी. दाजी थंब देऊन रात्रीच्या बसने परत जातायत. जाताना तीनदा नळ, दोनदा कडी तपासली. मुलगा म्हणाला, बाबा, जा आता. मग खिडकीत उभा राहून बस स्टॉपपर्यंत बघत होता.

खजिनदार (७:४५): बी-४, फाइल बघितली. जास्तीची रक्कम पुढच्या बिलांतून वळती करू.

बी-४ (मुंबई) (७:४६): किती वर्षांची?

खजिनदार (७:५८): ते सभेत.

बुधवार

सेक्रेटरी (सकाळी ११:००): उद्या गुरुवारी पाणीपुरवठा बंद. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल. टाकी आज रात्री भरून घेतली जाईल. जपून वापरावे.

शुक्रवार

ए-१० (सकाळी १०:२८): बी विंगच्या जिन्यात धबधबा आहे. कोणाचा नळ?

सेक्रेटरी (१०:३०): बी-४ चे दार बंद आहे. आतून पाण्याचा आवाज येतो आहे. आठवडाही झाला नाही.

खजिनदार (१०:३१): म्हटलं होतं ना.

ए-१० (१०:३१): कधी?

सी-३ (१०:४४): मी उघडलं. घराची एक किल्ली पोरांनी आपणहून माझ्याकडे ठेवली होती, गाडी नाही तर ही घ्या म्हणून. सिंकमधला नळ उघडा होता, जाळीवर पोह्याचं पातेलं. काल पाणी गेलं तेव्हा चालू राहिलेला दिसतोय. बंद केला. गाद्या वाचल्या, चटणीच्या डब्याखाली पाणी होतं.

सेक्रेटरी (१०:४६): बुधवारी स्पष्ट मेसेज टाकला होता मी.

सी-३ (१०:४७): कुठे?

सेक्रेटरी (१०:४७): इथे. ग्रुपवर.

सी-३ (१०:४८): ती कुठे आहेत ग्रुपवर? भाडेकरूंना घ्यायचं नाही असं तुम्हीच म्हणता. त्यांना कोणी सांगितलं गुरुवारचं? उदगीरला पाणी येतं तेव्हा येतं, म्हणून तिकडे नळ उघडा ठेवूनच झोपतात. घ्या त्यांना आत.

सेक्रेटरी (११:१५): ठीक आहे. एकालाच घेतो.

सेक्रेटरींनी 'बी-४ मुलं' यांना ग्रुपमध्ये घेतले.

बी-४ मुलं (११:५२): नमस्कार. लेक्चर सोडून निघालो आहोत, मेट्रोत आहे. सगळ्यांना सॉरी. जिना पुसायला मोठं फडकं कोणाकडे मिळेल का?

सी-३ (११:५३): माझ्याकडे आहे. बूट खाली काढून या.