ब्लूज-रॉक छोट्या जागेतच ऐका

सोलापूरकरांनी ब्लूज-रॉकसाठी (ब्लूज गाण्यांना रॉकच्या दणदणीत गिटारची जोड) मुंबईचा मोठा महोत्सवच गाठावा, हे मला नाही पटत. शिलाँगच्या सोलमेटसारखा बँड (२००३ साली सुरू झाला, रूडी वॉलांगची गिटार, टिप्रिती खारबांगारचा आवाज) शे-दीडशे माणसांतच ऐकावा. तिथे गिटार थेट अँपमधून (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून) अंगावर येते. वाजवता वाजवता करंगळीने गिटारवरची व्हॉल्यूमची कळ जराशी उतरवली की व्हॉल्व्ह अँपची (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँपची) खरखर निवळते, सूर मोकळा होतो. ही करामत पुढच्या रांगेतून डोळ्यांनी दिसते, लांबून नाही. अडचण फक्त परतीची. पुण्यात असा छोटा कार्यक्रम रात्री रंगतो आणि सोलापूरला येणारी हुतात्मा एक्स्प्रेस संध्याकाळीच निघते, तेव्हा मुक्काम धरूनच जा. आणि आपल्याकडे कुणी छोटा हॉल देणार असेल तर कळवा, खुर्च्या लावायला मी हजर आहे.