अकरावी वसतिगृहात, कागदपत्रे घरी : सोलापूरच्या पालकांसाठी अनुभव धागा

मूल अकरावीला लातूर, पुणे, हैदराबाद किंवा पोखरापूरच्या नवोदयमध्ये आणि घर सोलापुरात, अशी कुटुंबे आपल्याकडे दर गल्लीत आहेत. अभ्यास तिकडे होतो. प्रवेशाचा बाकीचा सगळा भार इकडे आई-वडिलांवर असतो आणि तो बारावीच्या निकालानंतर उचलायला घेतला तर उशीर झालेला असतो. म्हणून ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्या पालकांना, शिक्षकांना, अधीक्षकांना विनंती : काय करायचे, कधी करायचे, कुठे अडते ते लिहा, वर आपला भाग किंवा नाव टाका. मुलांच्या टक्क्यांच्या कहाण्या नकोत.

जुळे सोलापूर

सर्वात आधी ठरवायची गोष्ट म्हणजे अकरावी-बारावी कोणत्या राज्यात करायची. सोलापूरहून हैदराबाद, कलबुर्गी, विजयपूर जवळ, गाड्याही भरपूर. त्यामुळे हा निर्णय फी आणि वसतिगृह बघून होतो. पण एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थेतून उत्तीर्ण लागतात, शिवाय अधिवास (डोमिसाइल). बारावी हैदराबादला केली की नीटला (वैद्यकीय प्रवेश परीक्षेला) कितीही चांगले गुण पडोत, राज्य कोट्याचे दार बंद होते. केंद्र-राज्य सरकारी नोकरदार आणि सैनिकांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, ते माहितीपुस्तिकेत शब्दशः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि तेलंगणातही मूल स्थानिक ठरत नाही, कारण तिथे बारावीपर्यंतची सलग चार वर्षे शिक्षण तिथलेच लागते. मग मुख्यतः उरतो अखिल भारतीय १५ टक्के कोटा आणि अभिमत विद्यापीठांच्या जागा, ज्यांची फी बहुतेकांना झेपत नाही.

इंजिनिअरिंगला एवढी कडक अट नाही. आई किंवा वडिलांचा महाराष्ट्राचा अधिवास असेल तर बाहेरून बारावी केलेले मूल ‘टाइप बी’ या राज्याच्याच उमेदवार गटात बसते. पण ज्या घरी डॉक्टरकीचा विचार पन्नास टक्के जरी असेल, त्यांनी राज्याबाहेरचे अकरावीचे शुल्क भरण्यापूर्वी दहादा विचार करावा. एकदा वर्ष सुरू झाले की मूल तिथल्या बोर्डाच्या अभ्यासक्रमात रुळते आणि परत आणणे कोणालाच नको वाटते.

साखर पेठ

जात पडताळणीबद्दल सविस्तर लिहिते, कारण आपल्या पूर्व भागातील विणकर घरांना इथेच सर्वात जास्त त्रास होतो.

राखीव जागेसाठी जातीचा दाखला पुरत नाही, जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या पोर्टलवर ऑनलाइन भरून त्याची प्रत काढायची. सोबत नमुना १६ चा अर्ज, वंशावळीचे शपथपत्र नमुना ३, दुसरे शपथपत्र नमुना १७ आणि ज्या कॉलेजात मूल शिकते त्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा नमुना १५ अ. हा शेवटचा कागद वसतिगृहाच्या गावातून यायचा असतो. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी येते तेव्हा कॉलेजही बंद असते, म्हणून पालकभेटीला जाताना कोरा नमुना सोबत न्या आणि सही घेऊनच परत या.

खरी अडचण पुराव्याची. जातीची नोंद असलेला मानीव दिनांकापूर्वीचा (त्या प्रवर्गासाठी ठरवलेल्या तारखेआधीचा) कागद समिती मागते : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. ज्यांचे आजोबा-पणजोबा तेलंगणातून किंवा कर्नाटकातून मागावर कामाला आले, त्यांना त्या तारखेपूर्वी घर सोलापुरातच होते हेही दाखवावे लागते. सर्वात भक्कम पुरावा म्हणजे आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. महापालिकेच्या जुन्या तेलुगू, कन्नड, उर्दू शाळांच्या नोंदवह्या बघून घ्या. शाळा बंद पडली किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर वही कुठे गेली ते शिक्षण मंडळाकडे विचारा. उतारा दुसऱ्या लिपीत असेल तर अधिकृत अनुवादकाकडून मराठी भाषांतर जोडा. गिरणीचे जुने नोकरीचे कागद राहण्याच्या पुराव्याला चालतात, पण त्यात बहुधा जात लिहिलेली नसते, त्यामुळे एकट्या त्यांच्यावर विसंबू नका.

दुसरी अडचण नावांची. उताऱ्यात ‘नरसय्या’, वडिलांच्या दाखल्यावर ‘नरसिंग’, आडनाव एका ठिकाणी घराण्याचे, दुसरीकडे गावाचे. वंशावळीत प्रत्येक व्यक्तीसमोर सगळी रूपे लिहा आणि ‘ही एकच व्यक्ती’ असे शपथपत्रात स्पष्ट करा. ते राहिले की त्रुटीचे पत्र येते आणि प्रकरण मागे पडते. वडील, सख्खी भावंडे, चुलते, चुलत भावंडे अशा पितृकुळातील कोणाकडे वैधता असेल तर तिची प्रत पहिल्याच दिवशी जोडा, काम पुष्कळ सोपे होते. अनुसूचित जमातींची समिती वेगळी असते, तिथे जिल्हा समितीत अर्ज करून वेळ घालवू नका.

अकरावीचा प्रवेश झाल्याबरोबर अर्ज करा. प्रवेशाच्या वेळी पोचपावतीवर तात्पुरते पुढे सरकू देतात, पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आले नाही तर मूल खुल्या प्रवर्गात जाते.

विजापूर रोड, सेतूचे काम जाणणारा

साखर पेठेच्या ताईंच्या यादीत थोडी भर. बरेच पालक राज्याचे आणि केंद्राचे दाखले एकच समजतात. नीट किंवा जेईईमधून (इंजिनिअरिंगची देशपातळीवरील परीक्षा) केंद्रीय जागा घ्यायची तर इतर मागासवर्गाचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो आणि तो समुपदेशनाच्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा हवा. ईडब्ल्यूएसचेही (आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचेही) तसेच, तो दर आर्थिक वर्षाला नवा. राज्याच्या नॉन-क्रीमिलेअरवर (उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्यावर) ‘वैध दिनांक’ बघा : २०२७-२८ च्या प्रवेशाला तो ३१ मार्च २०२८ पर्यंत चालणारा हवा. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) हा प्रवर्ग फक्त राज्याचा आहे, केंद्राच्या अर्जात तो नसतो.

आधारही तपासा. वय १५ झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा करावी लागते. ती झाली नसेल तर परीक्षा केंद्रावर ओळख पटवताना मशीन अडते. आधारवरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरशः जुळवा : आडनाव आधी की शेवटी, वडिलांचे नाव पूर्ण की आद्याक्षर. दुरुस्तीला मूल प्रत्यक्ष हजर लागते, म्हणून हे काम उन्हाळी सुट्टीतच उरका.

आधारला जोडलेला मोबाइल आई किंवा वडिलांचा ठेवा. वसतिगृहात फोन जमा असतो, ओटीपी दहा मिनिटांत संपतो. सर्व अर्जांना एकच ईमेल, एकच मोबाइल, आणि पासवर्ड व अर्ज क्रमांक एका वहीत हाताने लिहिलेले.

मोहोळकर, शिक्षक

नवोदय आणि इतर सीबीएसई वसतिगृहांतील मुलांच्या पालकांसाठी. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, पाया राज्य मंडळाची पुस्तके आहेत. भार अकरावीला सुमारे २० टक्के, बारावीला ८० टक्के. अकरावीची सगळी प्रकरणे नसतात. भौतिकशास्त्रात गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण, ध्वनी, प्रकाशशास्त्र, स्थिर विद्युत, अर्धवाहक अशी ठरावीक येतात. सीईटी कक्षाने दिलेली प्रकरणांची यादी छापून मुलाला द्या आणि बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तके अकरावीच्या उन्हाळ्यातच पाठवा. एनसीईआरटीची (सीबीएसईची) पुस्तके पक्की असलेल्या मुलाला बालभारतीतील उदाहरणे आणि व्याख्या तेवढ्या नव्याने बघाव्या लागतात.

पीसीएम गटाला भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, मग गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, गणिताला प्रत्येकी २ गुण. नकारात्मक गुण नाहीत, त्यामुळे सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. जेईई मेन आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ मिळतात, चुकीला १ जातो. वसतिगृहात नीट-जेईईच्या चाचण्या देऊन देऊन मुलांचा हात प्रश्न सोडून देण्याला सरावतो, तो सीईटीपूर्वी मुद्दाम बदलावा लागतो.

एनआयटीच्या (केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेच्या) जागेला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असावे लागते (अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के). तेव्हा ‘बोर्डाचे काय, पास झाले की झाले’ हे मुलासमोर म्हणू नका.

अधीक्षक, निवृत्त

रविवारच्या फोनवर ‘किती मार्क पडले’ हा पहिला प्रश्न नको. किती प्रश्न सोडवले, त्यातले चुकले किती, आणि चुकले ते न आल्यामुळे की घाईमुळे, एवढे विचारा. दोनशे गुणांत दोन मुले सारखी दिसतात, पण एकाने कमी सोडवलेले असते आणि दुसऱ्याने जास्त सोडवून जास्त चुकवलेले असते. दोघांना उपाय वेगळा लागतो. चाचणीची उत्तरपत्रिका मागवून घ्या, गुणांचा संदेश पुरत नाही.

पहिल्या सहामाहीत गुण घसरतातच. दहावीला नव्वदच्या वर असलेले मूल नीटच्या पहिल्या चाचणीत ७२० पैकी २०० वर येते तेव्हा ते आधीच खचलेले असते. त्या आठवड्यात नातेवाइकांना त्याच्याशी बोलायला लावू नका.

डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवा, आठवडे टिकते. तेलकट, ओलसर काही नको, मुंग्या लागतात आणि खोलीत चार जणांत भांडण होते.

बार्शीकर

इंजिनिअरिंगच्या कॅपबद्दल, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेबद्दल. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून केलेल्या, म्हणजे टाइप ए च्या मुलाचे गृह विद्यापीठ (ज्याच्या कॉलेजांत त्याला ‘आतला’ धरतात ते) बारावी जिथून उत्तीर्ण त्यावरून ठरते, घरच्या पत्त्यावरून नाही. लातूरला बारावी केली तर नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ, पुण्याला केली तर सावित्रीबाई फुले विद्यापीठ. म्हणून घर सोलापुरात असूनही लातूरहून बारावी केलेल्या मुलीला सोलापुरातील कॉलेजांचा बाहेरच्या विद्यापीठाचा कटऑफ बघावा लागतो. मागच्या वर्षीच्या यादीत प्रवर्गाच्या संकेताचे शेवटचे अक्षर वाचा : एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. पहिले अक्षर एल असेल तर ती मुलींची जागा. हे न कळता लोक चुकीच्या ओळीवर बोट ठेवून आशा किंवा निराशा बांधतात.

२०२५ च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी कोणतीही मिळाली की ती आपोआप पक्की होत होती. तेव्हा यादीच्या वरच्या सहा जागा चिठ्ठीवर लिहून मुलाशी बसून ठरवा, सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. नियम दरवर्षी पुस्तिकेत बघायचेच.

अक्कलकोट रोड

फीचा हिशेब अकरावीतच मांडा. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही, आणि पहिल्या फेरीआधीच ‘जागा धरून ठेवा’ म्हणून पैसे भरणारे पालक इथेच नुकसान करून घेतात. महाडीबीटीसाठी (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलसाठी) मुलीच्या नावाचे, आधार जोडलेले बँक खाते लागते. ते अठरा पूर्ण होण्याआधी पालकासोबत उघडले असेल तर अठराव्या वाढदिवसानंतर केवायसी नव्याने करून घ्या, नाहीतर शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खात्यात येत नाही.