मदत हवी आहे : आजोबांच्या पेटीतले विमानाचे दिशादर्शक उपकरण कोणत्या देशाचे?

लालबागकर :
नमस्कार. माझे आजोबा जुहू विमानतळावर विमानांच्या देखभालीचे काम करत असत. त्यांच्या लाकडी पेटीत काळ्या रंगाचे एक उपकरण मिळाले असून विमानात दिशा पाहण्यासाठी ते वापरले जात असे, एवढे घरात सर्वांना ठाऊक आहे. इमारत पुनर्विकासाला गेल्यामुळे रविवारपर्यंत खोली रिकामी करायची आहे. चोर बाजारातला एक दुकानदार ते घ्यायला तयार आहे, परंतु जर्मन असल्यास एक भाव आणि इंग्रजी असल्यास दुसरा, असे तो म्हणतो. आमचे चुलत आजोबा छातीठोकपणे सांगतात की हे जेआरडी टाटांच्या १९३२ सालच्या विमानातले आहे. कृपया देश आणि विमान, एवढेच सांगावे. उगाच फाटे फोडू नयेत.

आकाशवेडा :
छायाचित्र नाही, माप नाही, त्यावर कोरलेला एकही आकडा नाही. मग कशावरून सांगायचे? धातूची पट्टी आहे का? असल्यास तिच्यावरचा मजकूर जसाच्या तसा लिहावा.

दर्यावर्दी :
हे विमानाचे नसावे. दारूखान्यात जहाजे तुटतात, तिथला माल चोर बाजारात येतो आणि दुकानदार त्याला विमानाचा म्हणून विकतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. हा जहाजावरचा सेक्स्टंट असणार.

लालबागकर :
माल चोर बाजारातून आलेला नाही, तिकडे जायचा आहे. वर लिहिले आहेच. उपकरणाला खाली गोल तबकडी, त्यावर तिरका बसवलेला ढोल, सर्वांत वर पांढरा पडदा आणि दोन छोट्या पाणसळी आहेत. पट्टी आहे, पण तिच्यावर गंज चढला आहे.

निवृत्त_फिटर :
पाणसळी आणि तिरका ढोल म्हटल्यावर सेक्स्टंटचा प्रश्नच उरत नाही. सेक्स्टंटने तारा क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजतात. जहाजावरून क्षितिज दिसते, ढगांवरून उडणाऱ्या विमानातून दिसत नाही, म्हणून विमानाच्या सेक्स्टंटमध्ये क्षितिजाऐवजी हवेचा बुडबुडा वापरीत. आपल्याकडे आहे ते उंची मोजणारे नसून दिशा सांगणारे उपकरण दिसते. ढोलाच्या बाजूला शून्य ते नव्वद अंशांची अक्षांशपट्टी आहे का, ते पाहावे.

जुने_ते_सोने :
पट्टीवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने घासावा. मी जुनी घड्याळे अशीच साफ करतो. आकडे लख्ख उमटतात.

निवृत्त_फिटर :
कृपया घासू नये. अक्षरे उथळ कोरलेली किंवा नुसती छापलेली असतील, तर गंजाबरोबर तीही जातील, आणि ओळख पटवण्याचा एकमेव पुरावा तोच आहे. कापसाच्या बोळ्याला थोडे हलके तेल लावून टिपावे आणि मोबाइलचा दिवा बाजूने तिरका धरावा.

जुने_ते_सोने :
माझ्या घड्याळांचे आकडे आजवर गेलेले नाहीत.

कायदेपंडित :
आपण विकण्यापूर्वी १९७२ चा पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा पाहावा. त्यानुसार अशी वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्यासच पुरावशेष ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे.

लालबागकर :
कायदा विचारला नव्हता. तेलाने पुसले. अक्षांशपट्टी आहे. पट्टीवर ‘ॲस्ट्रो कंपास मार्क दोन’ आणि खाली ‘६ए/११७४’ एवढे वाचता येते. म्हणजे कोणता देश?

आकाशवेडा :
आता बोलता येईल. ‘६ए’ ही ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या भांडारातली उपकरणांची वर्गवारी आहे आणि ११७४ हा त्या वर्गातल्या ॲस्ट्रो कंपासचा, म्हणजे सूर्य-तारे पाहून दिशा सांगणाऱ्या उपकरणाचा, क्रमांक. जर्मन हवाई दलाच्या उपकरणांवर ‘एफएल’ या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, अमेरिकन उपकरणांवर बहुधा ‘एएन’ किंवा ‘टाइप’ असे लिहिलेले सापडते. तेव्हा जर्मन भाव विसरावा. मात्र भांडार ब्रिटिश असले, तरी कारखाना ब्रिटिश असेलच असे नाही. हे उपकरण कॅनडात आणि अमेरिकेतही बनले. बनवणाऱ्याचे नाव पट्टीवर दुसरीकडे आहे का?

राहिला टाटांचा दावा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आलेले ते विमान ‘पुस मॉथ’ होते, लहानसे आणि एका इंजिनाचे. हा कंपास दुसऱ्या महायुद्धातला असून तो छतावर काचेचा घुमट असलेल्या मोठ्या विमानांत नॅव्हिगेटर वापरीत असे.

मुलुंडची_खगोलप्रेमी :
तो चालतो की नाही, हे विकण्यापूर्वी गच्चीत तपासता येईल. आधी पाणसळी जुळवाव्यात, मग अक्षांश १९ ठेवावा, त्या दिवशीची सूर्याची क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे ते) लावावी आणि होराकोन (मध्यान्हीपासून सूर्य किती अंश सरकला ते) बसवावा. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावर चालतात आणि मुंबई सुमारे ७२.८ अंशांवर आहे, त्यामुळे इथली मध्यान्ह साधारण १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास, ऋतूनुसार थोडी मागेपुढे होते. तिथून पुढे दर तासाला १५ अंश. त्यानंतर वरच्या दांडीची सावली पांढऱ्या पडद्यावरच्या दोन रेघांच्या मध्ये येईपर्यंत उपकरण फिरवले की खालची तबकडी खऱ्या उत्तरेपासूनची दिशा दाखवते. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असल्यामुळे साध्या होकायंत्राशी ताडून पाहता येते. दुपारी मात्र करू नये. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस तर इथे सूर्य थेट डोक्यावर येतो आणि तेव्हा सावलीवरून दिशा कळतच नाही.

लालबागकर :
सध्या गच्चीवर मांडव आहे. पेटीत एक गोल डबाही आहे, काचेखाली द्रव आणि फुलीसारखा काटा असलेला. त्यावर ६ए/०७२६ लिहिले आहे. काच उघडून साफ करू का?

निवृत्त_फिटर :
मुळीच उघडू नये! हे आधी सांगायला हवे होते. तो पी-८ कंपास आहे, वैमानिकाचा. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत तो असे. त्याच्या काट्यावरचा रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी असतो. आता अंधारात चमकत नसला, तरी संपली आहे ती फक्त चमक देणारी झिंक सल्फाइडची पूड, रेडियम नव्हे. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचे आहे. द्रव झिरपत असेल, तर डबा जाड पिशवीत बंद करून मुलांपासून दूर ठेवावा आणि अणुशक्तीनगरच्या अणुऊर्जा नियामक परिषदेकडे चौकशी करावी.

दर्यावर्दी :
होकायंत्र म्हणजे जहाजाचेच. मी म्हणालो होतो.

निवृत्त_फिटर :
६ए हा क्रमांक जहाजाला मिळत नाही.

लालबागकर :
म्हणजे दोन्ही स्पिटफायरची असे सांगू का?

आकाशवेडा :
नाही. पहिले नॅव्हिगेटरचे आणि दुसरे वैमानिकाचे. स्पिटफायरमध्ये वैमानिक एकटाच असे. दोन्ही एका पेटीत सापडली म्हणून एका विमानातली ठरत नाहीत. शिवाय तो क्रमांक प्रकाराचा आहे, विमानाचा नव्हे. एकच कंपास काढून दुसऱ्या विमानात बसवला जात असे. महायुद्धानंतर सोडून दिलेली लिबरेटर ही मोठी बॉम्बफेकी विमाने कानपूरला दुरुस्त करून आपल्या हवाई दलाने १९६८पर्यंत वापरली, तेव्हा ॲस्ट्रो कंपास तशा कुठल्याही मोठ्या विमानाबरोबर इथे आला असू शकतो. नेमके विमान हवे असेल, तर आजोबांची कामाची वही किंवा सामान दिल्याची पावती शोधावी. दुकानदाराला ‘ब्रिटिश भांडार, महायुद्धकालीन’ एवढेच सांगावे.

डोंबिवलीचा_संग्राहक :
दुकानदाराने किती सांगितले आहेत? ॲस्ट्रो कंपाससाठी मी त्याहून जास्त देईन. शनिवारी येऊ शकतो. निरोप पाहावा.