इस्लामच्या उदयकाळावर वाद्यवृंदरचना करताना

मंद्रपंचम (प्रश्न):
नमस्कार. इस्लामच्या आरंभकाळावर सुमारे वीस मिनिटांची, शब्दविरहित वाद्यवृंदरचना करण्याचे योजिले आहे. इ. स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत झालेला पहिला साक्षात्कार, ६२२ मधील मक्केहून मदिनेकडे स्थलांतर आणि ६३० मधील मक्केतील पुनःप्रवेश असे तीन भाग आहेत. पाश्चात्त्य परंपरेत नायकाला स्वतःची अशी धून देण्याची रीत आहे. परंतु ज्या परंपरेत प्रेषितांचे चित्र काढणेही बहुतांश लोक निषिद्ध मानतात, तिथे धून देणे उचित ठरेल काय? दुसरी शंका सुरांची. हिजाझ हा मकाम (अरबी संगीतातील रागासारखी स्वरचौकट) घेतला की आपल्या कानांना भैरव रागाचे पूर्वांगच, म्हणजे सप्तकाचा खालचा अर्धा भाग, ऐकू येते आणि इतर श्रोत्यांना चित्रपटातले वाळवंट. यातून मार्ग कसा काढावा?

खर्जसाधक:
सुरांपुरते सांगतो. मकामांच्या शास्त्राची लिखित मांडणी नवव्या शतकातील अल-किंदी आणि दहाव्या शतकातील अल-फाराबी यांच्या काळापासून हाती येते. सातव्या शतकात मक्केत जे गायले जाई त्याची स्वरलिपी नाही, त्यामुळे अस्सलपणाचा हट्ट सोडलात तर तुमचे हात मोकळे होतील. हिजाझ पियानोवरही वाजतो, म्हणून जो तो त्याच्याच वाटेला जातो. त्याऐवजी बयाती हा मकाम पाहा. त्याचा दुसरा स्वर कोमल आणि शुद्ध ऋषभाच्या दरम्यान कुठेतरी असतो आणि त्याची नेमकी जागा प्रदेशागणिक सरकते. हा स्वर व्हायोलिनच्या अख्ख्या ताफ्याला लांबवायला सांगितलात, तर प्रत्येक वादक तो आपापल्या अंदाजाने लावील आणि सूर गढूळ होईल. तो एकट्या व्हायोलाला, व्हायब्रेटोशिवाय (सूर न थरथरवता) द्यावा आणि खाली चेलो व डबल बास यांनी नुसता षड्ज धरावा. कॉर्डमध्ये, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छात, तो कोंबू नये. इजिप्तच्या गायिका उम्म कुलसूम यांच्या साथीला कैरोमध्ये मोठा वाद्यवृंद असे, पण त्यातील व्हायोलिने प्रामुख्याने एकच चाल वाजवीत आणि तरीही नाद भरदार असे. फ्रेंच हॉर्नचाही विचार करावा. त्याच्या नैसर्गिक स्वरमालिकेतील अकरावा स्वर शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या जवळजवळ मधोमध पडतो. बेंजामिन ब्रिटन यांनी १९४३ मध्ये टेनर, हॉर्न आणि तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेच्या आरंभी एकट्या हॉर्नकडून असे नैसर्गिक स्वर वाजवून घेतले होते, तेव्हा वादकांना हे नवे नाही.

दर्यावर्दी:
मी रत्नागिरीकडचा मुसलमान आहे. संगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यास नाही, पण पहिल्या प्रश्नावर स्पष्ट मत आहे. प्रेषितांना धून देऊ नये. मुस्तफा अक्कड यांच्या प्रेषितांवरील १९७६ च्या ‘द मेसेज’ या चित्रपटात प्रेषित दिसत नाहीत आणि त्यांचा आवाजही ऐकू येत नाही; तरीही मॉरिस जार यांच्या संगीताचे काही अडले नाही, उलट त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. इतकी खबरदारी घेतल्यावरही आक्षेप येतात, हेही मनाशी धरून चालावे. माजिद माजिदी यांच्या प्रेषितांवरीलच २०१५ च्या चित्रपटाला ए. आर. रहमान यांनी संगीत दिले, तेव्हा मुंबईच्या रझा अकादमी या मुस्लिम संघटनेच्या पुढाकाराने दोघांविरुद्ध फतवा निघाला होता.

कुराणपठणाची नक्कल मात्र कटाक्षाने टाळावी. तज्वीदच्या, म्हणजे कुराणाच्या उच्चारशास्त्राच्या, नियमांनी होणारे पठण कितीही सुरेल असले, तरी आम्ही त्याला संगीत म्हणत नाही. लेबनॉनचे मार्सेल खलिफे यांनी पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांची कविता गायली, तिच्यात कुराणातील आयतीचा अंश होता, एवढ्यावरून त्यांच्यावर खटला भरला गेला आणि १९९९ मध्ये ते निर्दोष सुटले. अजानही ट्रम्पेटवर उतरवू नये. ती नमाजाची हाक आहे.

दुसऱ्या भागासाठी तुम्हाला तयार लय मिळेल. उंट हाकताना म्हणायच्या गाण्यांना हुदा म्हणतात आणि परंपरेने त्यांचा संबंध अरबी कवितेतील रजज वृत्ताशी जोडला जातो. मराठी गझलकार हीच लय गागालगा (गा म्हणजे दोन मात्रांचे गुरू अक्षर, ल म्हणजे एका मात्रेचे लघू) अशी मोजतात.

मंद्रपंचम:
दोघांचेही आभार. गागालगाच्या सात मात्रा होतात, म्हणजे ती ७/८ या पाश्चात्त्य तालात अलगद बसते. स्थलांतराचा भाग मी याच लयीवर उभा करीन आणि मधूनच एखादा गण (गागालगाचा एक घास) गाळीन, कारण तो प्रवास पाठलाग चुकवत, वाटेत सौर गुहेत दडून झालेला होता. प्रेषितांची धून रद्द. हिरा गुहेच्या भागात साक्षात्काराच्या क्षणी वाद्ये काही सांगणार नाहीत; त्या क्षणाच्या आधीचा आणि नंतरचा डोंगर तेवढा ऐकू येईल. डफ वापरण्याला हरकत नसावी ना?

दर्यावर्दी:
डफाला हदीसचाच, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींचाच, आधार दाखवतात. ईदच्या दिवशी प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या घरी दोन मुली डफावर गात होत्या. आयेशांचे वडील हजरत अबू बक्र यांनी त्यांना हटकले आणि प्रेषितांनी मुलींना गाऊ देण्यास सांगितले. झांजा लावलेल्या डफाबद्दल मात्र अनेक आलिम (धर्मपंडित) नापसंती दर्शवतात, तेव्हा बिनझांजांचा घ्यावा.

खर्जसाधक:
एक व्यावहारिक सूचना. वाद्यवृंदाकडे बहुधा बेंदीर हा उत्तर आफ्रिकेतील डफ असतो आणि त्याच्या कातड्याखाली आतून तार ताणलेली असल्याने तो झणझणतो. ती तार काढायला सांगावी. कातडे खरे असेल तर दमट हवेत ते उतरते. आपल्याकडे हलगी शेकतात, तसे सभागृहात करता येणार नाही, त्यामुळे दुसरा डफ तापवलेला हाताशी ठेवावा आणि स्कोअरमध्ये डफ बदलण्यासाठी किमान आठ मापांची विश्रांती लिहावी.