देवयानी दीर्घिकेतील नवा ठिपका: नवतारा की रूपविकारी?

तापीकाठ (चोपडा)

नमस्कार. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शेतातून मी आठ इंची परावर्ती दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेची, म्हणजे एम ३१ ची, छायाचित्रे घेतो. या आठवड्यातील चित्रांत केंद्राजवळ सुमारे १७.६ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितके तेज मंद) एक ठिपका आहे, जो फेब्रुवारीतील चित्रांत दिसत नाही. मधल्या काळात आधी ही दीर्घिका सूर्याजवळ गेली आणि नंतर पावसाळा लागला, त्यामुळे तो केव्हा उजळला याची नोंद माझ्याकडे नाही. वेगवेगळ्या रात्री तो त्याच जागी असल्याने लघुग्रह किंवा कॅमेऱ्यातील दोष नसावा. हा नवतारा (स्फोटाने अचानक उजळणारा तारा) आहे की रूपविकारी तारा (ज्याचे तेज वारंवार कमीजास्त होते), हे कसे ठरवावे?

धुळ्याचा निरीक्षक

आठ महिन्यांची ही पोकळी हीच खरी अडचण आहे, कारण वर्षभराच्या आसपास आवर्तकाल असलेला तांबडा रूपविकारी तारा तेवढ्या काळात किमान तेजापासून कमाल तेजापर्यंत सहज पोचतो. मात्र तुमच्या ठिपक्याचे तेज नवताऱ्याच्या बाजूने बोलते. एम ३१ सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर असल्याने तेथील नवतारे कमाल तेजाला साधारण १६ ते १८ या प्रतींत दिसतात, तर तेथील सेफीड तारे (ठरावीक काळाने तेज बदलणारे रूपविकारी) १८ च्या पुढेच राहतात आणि मीरा जातीचे तारे (दीर्घ आवर्तकालाचे तांबडे रूपविकारी) दृश्य प्रकाशात त्याहून पुष्कळ मंद असतात. मेख अशी की फिल्टर न लावलेला कॅमेरा अवरक्त प्रकाशही टिपतो आणि तांबडे तारे त्यात फुगून दिसतात. म्हणून हिरवा फिल्टर लावून चित्र घ्या. ठिपका त्यात जवळजवळ नाहीसा झाला, तर नवताऱ्याची आशा फारशी धरू नये.

त्यानंतर प्रत्येक निरभ्र रात्री प्रत मोजत राहा. नवताऱ्यात श्वेतबटूवर (मृत ताऱ्याच्या लहान, दाट गाभ्यावर) साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट होत असल्याने तेज झपाट्याने चढते आणि मग उतरत जाते. अतिवेगवान नवतारा दहा दिवसांच्या आत दोन प्रतींनी मंदावतो, पण संथ नवताऱ्याला काही महिने लागतात आणि तो मध्येच पुन्हा उजळूही शकतो, त्यामुळे केवळ या कसोटीवर घाईने निकाल देता येत नाही. हायड्रोजन-अल्फा फिल्टर (हायड्रोजनच्या एका तांबड्या वर्णरेषेचाच प्रकाश जाऊ देणारा) असेल तर तो जरूर वापरा. बाहेर फेकलेले कवच त्या रेषेत दीर्घकाळ तळपत राहते, बाकीच्या प्रकाशात तारा विझत आला तरीही. तुलना मात्र रुंद तांबड्या फिल्टरमधील चित्राशीच करावी, कारण कोणताही तांबडा तारा या फिल्टरमध्येही उठून दिसतो.

जुनी काच (जळगाव)

वरील सर्व मान्य आहे, परंतु मी सुरुवात जुन्या चित्रांपासून करीन. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये खगोलशास्त्रज्ञ हबल यांनी अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत घेतलेल्या एम ३१ च्या छायाचित्राच्या एका काचेवर तीन ठिपके नवतारे म्हणून खुणावले होते. जुन्या काचांशी ताडून पाहिल्यावर त्यांपैकी एक ३१.४ दिवसांचा सेफीड निघाला. ही हकिगत साक्षात्कारासारखी रंगवली जाते, पण काम केले ते जपून ठेवलेल्या काचांनी. आज झ्विकी सर्वेक्षणाची (आकाशाची वारंवार चित्रे घेणाऱ्या प्रकल्पाची) २०१८ पासूनची चित्रे सर्वांना खुली आहेत. तुमच्या जागी पूर्वी वारंवार चढउतार दिसले, तर बहुधा तो रूपविकारी आहे. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की एम ३१ मध्येच दरवर्षी स्फोट होणारा एक पुनरावर्ती नवतारा २००८ पासून माहीत आहे. केंद्राजवळ ताऱ्यांची एवढी दाटी आहे की स्थान एका विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) आत मोजले नसेल, तर भलताच तारा जुळवून टाकला जाईल.

तापीकाठ (चोपडा)

आभारी आहे. हिरव्या फिल्टरमध्ये ठिपका स्पष्ट दिसतो. हायड्रोजन-अल्फा फिल्टर माझ्याकडे नाही. वर्णपटाशिवाय (प्रकाशाचे रंगांत पृथक्करण केल्याशिवाय) निर्णय होऊ शकेल का?

धुळ्याचा निरीक्षक

खात्रीचा निर्णय वर्णपटच देतो. हायड्रोजनच्या रेषा सेकंदाला हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाइतक्या रुंदावलेल्या दिसल्या, तर शंका उरत नाही. आपल्याच आकाशगंगेतील एखादा खुजा नवतारा (नवताऱ्यापेक्षा बराच कमी उजळणारा जोडतारा) त्याच दिशेला उजळला असेल, तर तोही वर्णपटातच उघडा पडतो. या प्रतीला त्यासाठी लडाखमधील हानले येथील दोन मीटरच्या हिमालय चंद्र दुर्बिणीसारखे साधन लागते. तुम्ही स्थान, वेळ, फिल्टर आणि फेब्रुवारीतील चित्राची मर्यादाप्रत एवढे कळवा. चित्र कोणत्या प्रतीपर्यंत पोचले होते हे सांगितल्याशिवाय ‘तेव्हा नव्हता’ या विधानाला वजन येत नाही.